दाब आणि सुट्टी

खरं तर सरांविषयी मी लिहावं असा माझा काही अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. घरी आम्ही कोकणी बोलतो, समुद्राकाठची नव्हे, आमच्या डोंगराकडची आदिवासी कोकणी. मराठी मला शाळेत भेटली आणि अजूनही तिच्यासमोर मी जरा अंग चोरूनच उभा राहतो. सरांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी, त्यांच्याबरोबर शिकवणारी कितीतरी जाणती माणसं शहाद्यात आहेत. त्यांनी लिहिलं असतं तर नीट लिहिलं असतं. पण त्यांच्यापैकी कुणी लिहील असं दिसत नाही, आणि सरांच्या कामाचं शेवटी जे झालं त्यात माझ्या एका वाक्याचा हात आहे. ते वाक्य बोललो हे बरं केलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून हे धाडस. चुकलंमाकलं पोटात घालावं.

तापीच्या काठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत आमच्या सरांइतका कमी बसलेला माणूस शोधून सापडणार नाही. मी त्यांना वर्गात, खोलीवर, लग्नात, चहाच्या टपरीवर, प्राचार्यांच्या केबिनमध्ये, एकदा तर न्हाव्याकडे दाढी करवून घेताना पाहिलं आहे. सगळीकडे गोष्ट एकच. वीस मिनिटं झाली की सर उठले. न्हावी वस्तरा हातात धरून थांबलेला, आणि सर गळ्याभोवती पांढरं कापड तसंच ठेवून दुकानाच्या पायरीवर चार फेऱ्या मारताहेत. पुन्हा येऊन बसतात, पुन्हा वीस मिनिटं. त्या दुकानात सरांच्या अर्ध्या दाढीला गिऱ्हाइकं सरावलेली होती. शहादा–नंदुरबार एसटीत तर ते जागा मिळवण्यासाठी रुमाल टाकत, धडपडत चढत, आणि जागा मिळाली की थोड्या वेळाने उभे राहत. एकदा कंडक्टर वैतागला. "मास्तर, जागा शे ना! मंग तुम्ही उभा काबर शेतस?" सर त्याच्याच बोलीत म्हणाले, "भाऊ, मन्हा मणका जेवी ऱ्हायना." म्हणजे, माझा मणका जेवतोय. कंडक्टरने तिकिटं फाडायचं यंत्र छातीशी धरलं आणि पुढच्या स्टॉपपर्यंत सरांकडे पाहिलंच नाही. तेवढ्यात त्या जागेवर एक बाई कोंबडीसकट बसली. सर नंदुरबारपर्यंत उभेच. तक्रार नाही.

सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढंच कॉलेज त्यांचं, आणि दरवर्षी उन्हाळ्यात ते संपायचं. वय एकेचाळीस. लग्न केलं नव्हतं, विचारलं तर म्हणत, "तिला बसायला सांगावं लागेल, आणि मला ते जमणार नाही." ते आणि मी एकाच घरातल्या शेजारशेजारच्या खोल्यांत भाड्याने राहत होतो. गावात त्यांना मणकेवाले सर म्हणत, कारण त्यांची पीएचडी मणक्यांच्या मधल्या गादीवर चालली होती. आपल्याकडे कंबर धरली की लोक 'गादी सरकली' म्हणतात, तीच गादी. तिच्या आत ज्या पेशी राहतात त्यांना वरून दाब आला की त्या काय करतात, हा सरांचा प्रश्न. सात वर्षं तो एकच प्रश्न घेऊन हा माणूस फेऱ्या मारत होता.

मला त्यांनी तो पहिल्यांदा समजावला तो विहिरीच्या कठड्याशी उभं राहून. "हे बघ, शरीरात सगळीकडे रक्त जातं. या गादीच्या आत जात नाही. मग आतली पेशी खाते काय? तू चालतोस, ओझं उचलतोस, तेव्हा गादी दाबली जाते आणि आतलं पाणी बाहेर जातं. तू आडवा होतोस, तेव्हा ती पाणी आत ओढते, त्याबरोबर जेवण येतं. दाब आणि सुट्टी, दाब आणि सुट्टी. त्या पेशीला डोळा नाही, कान नाही. जगात काय चाललंय हे तिला फक्त दाबातून कळतं. बेताचा दाब आला तर ती म्हणते, चला, मालकाला माझी गरज आहे, आणि गादी बांधत बसते. दाब कधी हटलाच नाही तर उपाशी राहते, आणि स्वतःच बांधलेलं तोडायला लागते. आणि दाब आलाच नाही, तर तिला वाटतं आपलं काही काम उरलं नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मला त्या पेशीचं वाईट वाटलं.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, पाठी राहत. केळीच्या बागेत घड खांद्यावर घेऊन ट्रककडे जाणाऱ्या माणसांच्या मागे मागे ते वही घेऊन चालायचे. पुरुषोत्तमनगरला ऊसतोड कामगार डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात, तिथे तर त्यांचा अख्खा रविवार जायचा. किती मोळ्या, मध्ये किती वेळ हात मोकळे, सगळं लिहायचे. एका मुकादमाला वाटलं, सरकारचा माणूस आला. त्याने खुर्ची मागवली. खुर्ची बघून सर घाईघाईने निघून गेले, त्यामुळे मुकादमाची खात्रीच पटली.

घराच्या दाराच्या चौकटीवर त्यांनी पेन्सिलीने सगळ्यांची उंची मांडली होती. सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. माणूस सकाळी बोटाच्या पेराएवढा जास्त उंच असतो आणि दिवसभर उभं राहून गादी दबते, म्हणून संध्याकाळी बुटका होतो, हे मला त्या चौकटीने शिकवलं. घरमालकीण आक्का मात्र संध्याकाळची रेघ मानायला तयार नव्हती. "दिनभर राबराब राबस, वरतून घट बी मीच सोसू का?" म्हणून तिने स्वतःची खालची रेघ ओल्या फडक्याने पुसून टाकली.

याच रेघांपायी आक्काच्या भाच्याचं प्रकरण झालं. तो पोलीस भरतीत अर्ध्या सेंटिमीटरने हुकला होता. सरांनी त्याला पुढच्या भरतीआधी दोन दिवस पाठीवर झोपवून ठेवलं. उठायचं नाही, बसायचं नाही. भरतीच्या दिवशी पहाटे त्याला दुधाच्या पिकअपमध्ये चादर टाकून आडवाच नेला. आम्ही चौघांनी उचलून गाडीत ठेवताना समोरच्या म्हाताऱ्या बाबांनी टोपी काढून हात जोडले आणि केव्हा गेला म्हणून विचारलं, "कव्हय व्हयनं?" चादरीतून भाचा म्हणाला, "बाबा, अजून मोजाना शे!" मैदानावर उंची बरोबर भरली. नंतर मात्र धावायचं होतं. दोन दिवस आखडून पडलेला गडी दुसऱ्या फेरीलाच कंबर धरून खाली बसला. आक्का आठवडाभर सरांशी बोलली नाही. सरांनी वहीत लिहिलं: 'सुट्टी जास्त झाली.'

तिचा खरा राग होता तो डब्यावर. आक्काचं घर पक्कं शाकाहारी. सर रविवारी खाटकाकडून बकरीचा कणा आणत आणि सोमवारी कॉलेजात नेईपर्यंत स्टीलच्या डब्यात, बर्फात ठेवत. एकदा तिने खोली झाडताना डबा उघडला. ती काय बोलली ते सगळ्या आळीने ऐकलं. "सर, तुम्ही खा ना! मी काय तुमना हात धरस का? पन खाईसन मोकळा व्हा! हाडकं कपाटमा कोन ठेवस?" सर घाबरून म्हणाले, "आक्का, खावाकरता नही शेतस ते." आक्काने डबा खाली ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "खावाकरता बी नही? मंग ते बकरं मरनं कसाले?" त्या दिवसापासून डबा खिडकीबाहेर टांगलेला असे, आणि सर कणा सोलताना फार जपून, एकही गादी वाया जाऊ न देता सोलत.

त्या गाद्या जायच्या कॉलेजच्या वरच्या मजल्यावरच्या मशीनमध्ये. हे मशीन सरांनी स्वतः जुळवलं होतं. मोटर शिवणयंत्राची होती, आणि तिला लावायचं अंडाकृती चाक विसरवाडीला हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याकडून कापून आणलं होतं. माझं गाव तिथून जवळ, म्हणून ते चाक मी पिशवीतून आणलं. माझं योगदान तेवढंच. चाक फिरलं की दोन दांडे खाली येत आणि उबदार पेटीतल्या बरण्यांमधल्या गाद्यांना दाबत. एका दांड्याला दर तासाने तासाभराची सुट्टी. दुसऱ्याला सुट्टीच नाही, दिवसरात्र दाब. चौदा दिवसांनी गादीतल्या पेशी काढायच्या, निळा रंग टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मेलेली पेशी निळी होते. जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही. सरांना सिद्ध करायचं होतं की सुट्टीवाल्या गाद्या जगतात आणि बिनसुट्टीच्या मरतात. आणि हे मार्चपर्यंत व्हायला हवं होतं, कारण मार्चअखेर त्यांच्या पीएचडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. मुदत संपली की सात वर्षं संपली.

लाईट गेली तर पेटी थंड पडू नये म्हणून तिला इन्व्हर्टर होता, त्यावर ती दोन दिवसही निभायची. मोटरला नव्हता, मोटर लावली की बॅटरी दुपारीच मान टाकायची. म्हणून लाईट कधी गेली, कधी आली, हे सर मिनिटामिनिटाने वहीत मांडत. रात्रीचं काय, तर सर पंख्याखाली झोपत. पंखा थांबला की त्यांना जाग येई, मग वही. खोलीवर लाईट आहे म्हणजे कॉलेजात आहे. हे त्यांनी धरून चाललं होतं. मीही तसंच धरून चाललो होतो.

आणि गाद्या मरेनात. एकदा केलं, दोनदा केलं, तीनदा केलं. सुट्टीवाल्या जिवंत, आणि बिनसुट्टीच्याही जिवंत. थोड्याशा निळ्या, बाकी टवटवीत. सर सूक्ष्मदर्शकातून डोळा काढून माझ्याकडे बघत आणि म्हणत, "तू बघ रे. मला आशेने दिसत असेल." मला तेच दिसायचं. विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक मात्र फोनवर खूश. सगळं जग म्हणतं मरतात आणि तुमच्याकडे जगतात, म्हणजे हे नवीनच सापडलं, लिहून काढा आणि द्या, पदवी हातात आहे.

त्यानंतरचा आठवडा मी विसरणार नाही. सर बसले. कुणी विश्वास ठेवणार नाही, पण व्हरांड्यात आक्काची प्लास्टिकची खुर्ची घेऊन ते सकाळी बसले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. आक्काने तीनदा येऊन पाहिलं. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुन्हा सरले काय व्हयनं रे? ताप शे का?" मी विचारलं तर सर म्हणाले, "बसून राहिलं तरी चालतं असं दिसतंय. मी उगाच लोकांना उठवत होतो." माणूस पदवीच्या दारात उभा असताना इतका खचलेला मी पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात माझा शिष्यवृत्तीचा अर्ज ऑफिसात राहिला होता. तो घ्यायला संध्याकाळी सहाच्या सुमारास कॉलेजात गेलो. शिपाई आप्पा दारं लावत होते. वरच्या मजल्यावर सरांचं मशीन टक्-टक् वाजत होतं. आप्पांनी खिळ्यावरची किल्ली खिशात टाकली, भिंतीवरच्या पेटीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. टक्-टक् थांबलं.

"आप्पा, हे रोज बंद करता?"

आप्पा चक्क फुगले. "तीस वरीस व्हयनात. मन्हा हातखाल एक बल्ब फुकट जळना नही. सहा वाजनात का स्विच खाले. सकायले साडेसातले वर. शनवारले बंद करं ते सोमवारले चालू."

म्हणजे ज्या गाद्यांना क्षणाची सुट्टी नव्हती असं सर लिहीत होते, त्या रोज रात्रभर आणि रविवारभर आराम करत होत्या. सर सकाळी येत तेव्हा आप्पांनी स्विच वर केलेला असे आणि मशीन इमानेइतबारे चालू असे.

तीन दिवस मी सरांना सांगितलं नाही. मी काही मोठा विचार करत होतो असं नाही. मला भीती वाटत होती. सांगितलं तर सगळं पुन्हा तीनदा करावं लागणार, म्हणजे मार्च हातचा जातो. नाही सांगितलं तर सर डॉक्टर होतात, आणि हे दोघांनाच माहीत राहतं, मला आणि आप्पांना, त्यातही आप्पांना आपल्याला काय माहीत आहे हेच माहीत नाही. चौथ्या दिवशी सर त्या खुर्चीतच बसून प्रबंधाचं ते पान लिहीत होते. मी दारात उभा राहून म्हणालो, "सर, ते मशीन रात्री थांबतं."

सरांनी पेन खाली ठेवलं. "कोण म्हणतं?"

"मी पाहिलं. आप्पा मेन स्विच पाडतात. रोज."

सर असे उठले की खुर्ची उलटली. वाटेत एक चप्पल गटारात गेली. ती तिथेच राहिली. मी मागे धावलो. आप्पा कॉलेजच्या नळावर हंडा भरत होते. सरांनी दोनच प्रश्न विचारले, किती वाजता पाडता, किती वाजता उचलता. आप्पांचा चेहरा उतरला. "सर, मन्हाकडथाईन काही नुकसान व्हयनं का?" सरांनी त्यांना हंड्यासकट मिठी मारली. "आप्पा! तुम्ही माले वाचाडं! सुट्टी भेटनी म्हनीसन त्या जगन्यात!" आप्पांचा सदरा भिजला, त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनीही सरांच्या पाठीवर हात ठेवला. मार्चची आठवण सरांना परत येताना झाली असावी, कारण अर्ध्या वाटेत ते बोटांवर आठवडे मोजायला लागले. चालणं मात्र थांबलं नाही.

मार्गदर्शकांचा फोन मी ऐकला, कारण सर तो अंगणात फेऱ्या मारत स्पीकरवर घ्यायचे. मार्गदर्शक म्हणाले, "अहो, शिपायाने लाईट बंद केली हे कुठे प्रबंधात लिहायचं असतं का? कुणाला कळणार आहे?"

सर म्हणाले, "पेशींना कळलं ना सर."

शेवटी मार्गदर्शक म्हणाले, मुदतवाढीचा अर्ज करा, मी शिफारस देतो, पण भरवसा धरू नका.

सरांनी सतरा पानी अर्ज केला. आप्पांचं नाव न घेता स्विचची वेळ लिहिली, वाया गेलेले महिने लिहिले, फक्त सहा महिने मागितले. आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. प्राचार्यांकडून लेखी परवानगी आणली की रात्री वरच्या मजल्याचा स्विच चालू राहील. परवानगी मिळवणं सोपं होतं, आप्पांना ते सोसणं अवघड. सहा वाजता ते पेटीपाशी जायचे, हात वर करायचे, मागे घ्यायचे. "चटका लागस जीवले," मला म्हणाले. चौथ्या दिवशी त्यांनी घरून खाट आणली आणि चौदा दिवस भरेपर्यंत कॉलेजच्या व्हरांड्यातच झोपले. कुणी स्विच पाडू नये म्हणून, असं ते सांगत. मला वाटतं, जळणाऱ्या लाईटला त्यांना एकटं सोडवत नव्हतं.

पंधराव्या दिवशी सरांनी निळा रंग टाकला, सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि ओरडले, "मेल्या! सगळ्या मेल्या!" आप्पा धावत जिना चढून आले. "कोन मरनं? सर, कोन मरनं?"

"बकरीन्या पेशी, आप्पा!"

आप्पा दाराला टेकले. "बकरी ते कव्हयच मरेल व्हती ना!"

सरांनी त्यांनाही बघायला लावलं. खाली नुसता निळा पसारा होता. शेजारच्या काचेवर सुट्टीवाल्या पेशी, स्वच्छ, गोल, काचेच्या मण्यांसारख्या. आप्पा एक डोळा मिटून फार वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "येकच बकरी, सर? दोन्ही बाजूले येकच?" सर म्हणाले, "एकच." आप्पांनी चष्मा पुसला.

मार्च गेला. अर्जाचं उत्तर नाही. सर तरीही लिहीत होते, उभ्याने, पाण्याच्या टाकीवर कागद ठेवून. एप्रिलमध्ये तास संपले, तसं कॉलेजही संपलं. मशीन गोणीत बांधून ते तापीकाठी भावाकडे गेले. मी माझ्या गावी आलो, महिनाभर वडिलांबरोबर मजुरीला जात होतो. दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा. पत्र आलं का, हे मी विचारायचो नाही आणि ते सांगायचे नाहीत. ते विचारायचे, एमएस्सीचा फॉर्म भरला का.

परवा दुपारी फोन आला तेव्हा मी विसरवाडीच्या स्टॉपवर उभा होतो. ट्रकचा आवाज होता, म्हणून मी एका टपरीच्या मागे गेलो. सर म्हणाले, "पत्र आलं."

मी दुसरा कान बोटाने दाबून धरला.

"एका ओळीचं आहे रे. मी सतरा पानं लिहिली होती." ते हसले. मग त्यांनी वाचून दाखवलं. "आपली विनंती मान्य करता येत नाही."

मला म्हणायचं होतं की सर, मी गप्प बसलो असतो तर. पण ते शब्द मला मराठीत सापडेनात आणि कोकणीतही सापडेनात. सरांना बहुतेक ते कळलं. ते म्हणाले, "तू सांगितलंस ते मी पान चौऱ्याऐंशीवर लिहिलंय. तुझं नाव घातलंय, आणि आप्पांचंही, आता त्यांना विचारून." जरा थांबून म्हणाले, "एकशे चाळीस पानं झाली. विद्यापीठाला नकोत. तुला पाठवू का? वाच. कुठे चुकलंय ते काढ."

मी हो म्हणालो. त्यांनी पत्ता विचारला. मी सांगितला, आणि बरोबर आहे ना म्हणून त्यांनी तो मला सावकाश परत वाचून दाखवला.